जुन्या लॅपटॉपला नवी एसएसडी आणि विंडोज ११ : ड्राइव्ह उत्तम, साइन-इन काठावर पास

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. तेव्हापासून पाच-सहा वर्षांचा, पण अजून धडधाकट असलेला लॅपटॉप घेऊन दुकानात जाणारा माणूस बहुधा जोडीने दोन कामे सांगतो: हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारा वेगवान ड्राइव्ह) घाला, आणि विंडोज ११ घालून द्या. पहिले काम अर्ध्या तासाचे, आणि त्यात पैशाचे चीज होते. दुसरे वरवर तेवढेच सोपे दिसते, पण माणसे अडकतात ती तिथेच. २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये डिस्कचे कुलूप (एन्क्रिप्शन) आणि मायक्रोसॉफ्टचे खाते एकमेकांना बांधलेले असते. डिस्क तुमच्या टेबलावर, किल्ली मात्र एका ईमेल पत्त्यामागे. तो पत्ता कोणाचा, पासवर्ड कोणाला ठाऊक, सहा-सात आकडी कोड कोणाच्या मोबाइलवर येतो, हे ठरल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

मशीन अकरा पेलेल का, हे आधी पाहावे. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, अथवा रायझन २००० मालिका (लॅपटॉपांत बहुधा ३०००) व पुढचे, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट ही सुरू होतानाची तपासणी, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा, अशी कागदावरची अट आहे. ४ जीबीवर अकरा चालवणे म्हणजे छळ, ८ जीबी धरूनच चाला. टीपीएम नाही असे दिसले तरी निराश होऊ नका. बऱ्याच मशीनमध्ये तो असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो: इंटेलच्या बोर्डावर त्याचे नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. रुफस हे इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवण्याचे साधन वापरून अटी चुकवून अकरा टाकता येते, पण कोअर २ ड्युओच्या जमान्यातल्या मशीनवर २४एच२ सुरूच होत नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये लागणारी सूचनाच नाही. अशांनी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा योजना घ्यावी. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि सेटिंग मायक्रोसॉफ्ट खात्यावर साठवायला परवानगी दिली तर फुकट मिळते. म्हणजे खाते तिथेही चुकत नाही.

ड्राइव्ह कोणता

आठव्या-दहाव्या पिढीच्या अनेक स्वस्त लॅपटॉपांत अडीच इंची हार्ड डिस्क आणि शेजारी रिकामी एम डॉट २ (पट्टीसारख्या एसएसडीची) जागा, दोन्ही असतात. मागचे झाकण उघडून खात्री केल्याशिवाय ड्राइव्ह विकत घेऊ नका. एम डॉट २ मधली नेहमीची फसगत अशी: पट्टीचा आकार तोच, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, पण आतली भाषा दोन प्रकारची. साटा ही जुनी आणि हळू, एनव्हीएमई ही नवी आणि वेगवान. टोकाला दोन खाचा असलेली पट्टी बहुधा साटाची, एकच खाच असलेली बहुधा एनव्हीएमईची. काही लॅपटॉपांची जागा फक्त साटा ओळखते. तिथे एनव्हीएमई अगदी नीट बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसमध्ये मात्र काहीच दिसत नाही. मग दुकानदार "ड्राइव्ह डेड आहे" म्हणून बदलून देतो आणि दुसराही तसाच "डेड" निघतो. मॉडेल नंबर घालून निर्मात्याच्या संकेतस्थळावरचे सर्व्हिस मॅन्युअल पाहिले की हा घोळ टळतो.

अडीच इंची प्रकारात आमची पहिली पसंती सॅमसंग ८७० एव्हो. वाचनाचा वेग सेकंदाला ५६० एमबी, लेखनाचा ५३०. साटाची वाटच तेवढी रुंद, त्यामुळे यापुढे कोणताही ब्रँड जात नाही. फरक वेगात नसून आतल्या स्वतंत्र कॅश मेमरीत आणि टिकाऊपणात आहे. ५०० जीबीला ३०० टेराबाइट लेखनाची हमी, १ टीबीला ६००, आणि वॉरंटी ५ वर्षे. क्रुशिअल बीएक्स५०० स्वस्त आहे, वाचन ५४०, लेखन ५००, पण त्यात ती कॅश मेमरी नाही. १ टीबीला हमी ३६० टेराबाइटची, वॉरंटी ३ वर्षे. रोजचे टायपिंग, ब्राउझर, हिशेब यांत दोघांतला फरक ओळखू येणार नाही. लग्नाचे शंभर-दीडशे जीबी चित्रीकरण एका दमात उतरवायला घेतले की मात्र बीएक्स५०० सुरुवातीला सुसाट धावतो, आतला तात्पुरता भाग भरला की लेखन अगदी हार्ड डिस्कच्या पातळीपर्यंत घसरते. तो बिघाड नव्हे, स्वभाव आहे. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी घेऊ नये, पंचायतीच्या दाखल्यांचे अर्ज भरणाऱ्याने खुशाल घ्यावा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: क्रुशिअल हा किरकोळ विक्रीचा व्यवसाय बंद करत असल्याचे मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. वॉरंटी पाळण्याचे आश्वासन आहे, तरी शेल्फवर उरलेला माल घेताना बिलावर सिरियल नंबर लिहून घ्याच.

एनव्हीएमई जागा असेल तर किंग्स्टन एनव्ही३ पुरेसा आहे. १ टीबीचा कागदावरचा वेग वाचनाला ६००० आणि लेखनाला ४००० एमबी, लेखनाची हमी ३२० टेराबाइट. पण आठव्या-दहाव्या पिढीच्या इंटेलमध्ये जागा पीसीआयईच्या (ड्राइव्हच्या वाटेच्या) तिसऱ्या पिढीची असते, तिथे तो साधारण ३५०० च्या पुढे जाणार नाही. त्यामुळे सॅमसंग ९९० प्रोसारखा महागडा ड्राइव्ह जुन्या लॅपटॉपात घालणे हा शुद्ध अपव्यय. किंग्स्टनची ही एनव्ही मालिका आतल्या चिप बदलत राहण्याबद्दल प्रसिद्ध आहे, म्हणून मित्राच्या एनव्हीची चाचणी पाहून आपलाही तसाच चालेल असे गृहीत धरू नये.

२४० किंवा २५६ जीबी घेऊन चार पैसे वाचवण्याचा मोह होतो. नका करू. विंडोजमध्ये २४० चे २२३ दिसतात (५०० चे ४६५, १ टीबीचे ९३१, दुकानदाराने काही खाल्लेले नसते, निर्माता हजारात मोजतो आणि विंडोज १०२४ मध्ये). त्यातून विंडोज, मोठे अपडेट आणि मागे ठेवलेले जुन्या विंडोजचे फोल्डर वजा करा, शिवाय एसएसडी सुरळीत चालायला पंधरा-वीस टक्के जागा मोकळी हवी. ५०० जीबी ही आमच्या मते आजची किमान पातळी. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आहेत, तेव्हा महिन्यापूर्वी ऐकलेला भाव दुकानात सांगून उपयोग नाही. आणि भाव फारच कमी ऐकू आला तर, विशेषतः "२ टीबी" लिहिलेली बिनब्रँडची यूएसबी एसएसडी असेल तर, एच२टेस्टडब्ल्यू या मोफत साधनाने पूर्ण भरून तपासा. खोटा ड्राइव्ह ६४ जीबी लिहून झाल्यावर उरलेला माल गिळत राहतो आणि तक्रारही करत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटने मोठ्या फाइली लिहिताना एसएसडी गायब होतात, अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून गावभर फिरली. चिप बनवणाऱ्या फायसनने ४५०० तासांहून अधिक चाचण्या केल्या, त्यांना तो दोष पुन्हा घडवता आला नाही. मायक्रोसॉफ्टनेही अपडेटशी संबंध आढळला नसल्याचे सांगितले. त्या भीतीने अपडेट बंद करून बसलेल्यांनी ते आता चालू करावे.

क्लोन की कोरे विंडोज

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या ड्राइव्हवर उतरवायची, की सगळे कोरे टाकायचे? हिशेबाचे सॉफ्टवेअर, त्याचे लायसन्स, जुने मराठी फाँट आणि प्रिंटरची सेटिंग जशीच्या तशी हवी असेल तर क्लोन. मशीन आधीच कुरकुरत असेल तर कोरे. क्लोनसाठी साटा-यूएसबी केबल किंवा एनव्हीएमईची डबी लागते. मॅक्रियम या क्लोनच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली. क्लोनझिला फुकट आहे पण पडदा जुनाट आणि घाबरवणारा. सॅमसंगचे साधन फक्त सॅमसंगच्या ड्राइव्हवर नक्कल करते.

क्लोन फसतो तो तीन-चार ठरलेल्या कारणांनी. जुनी डिस्क आधीच आजारी असते: डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५, सी५ किंवा सी६ या ओळींत शून्याऐवजी आकडा दिसला तर क्लोन करत बसू नका, आधी फोटो आणि कागदपत्रे कॉपी करून बाहेर काढा. क्लोन सगळी डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचतो आणि मरणपंथाला लागलेली डिस्क त्यातच प्राण सोडते. दुसरे, डिस्क एन्क्रिप्ट असते आणि ते कोणी पाहिलेलेच नसते. सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बंद करा आणि उलगडणे पूर्ण होईपर्यंत थांबा. हार्ड डिस्कवर याला काही तास लागतात. तिसरे, क्लोन झाल्यावर सी ड्राइव्ह वाढवता येत नाही, कारण त्याला चिकटून रिकव्हरीचे विभाजन बसलेले असते आणि मोकळी जागा त्याच्या पलीकडे. ते सरसकट पुसू नका, पार्टिशनच्या साधनाने टोकाला सरकवा. पुसले तर स्टार्टअप दुरुस्तीचा पडदाच नाहीसा होतो. आणि पहिल्यांदा मशीन सुरू करताना जुनी डिस्क बाहेर असू द्या. दोन जुळ्या डिस्क एकत्र पाहिल्या की विंडोज गोंधळते.

जुने विंडोज एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर असेल तर अकरासाठी ती जीपीटी या नव्या मांडणीची करावी लागते. विंडोजमधली एमबीआरटूजीपीटी ही आज्ञा डेटा न पुसता ते करते. आधी 'व्हॅलिडेट' चालवा, मग 'कन्व्हर्ट'. मुख्य विभाजने तीनपेक्षा जास्त असतील तर ती नकार देते. रूपांतरानंतर बायोसमध्ये लेगसी या जुन्या बूट पद्धतीवरून यूईएफआय या नव्या पद्धतीवर जायला विसरलात तर मशीन काळ्या पडद्यावर उभे राहील आणि दोष बिचाऱ्या एसएसडीला जाईल.

कोरे टाकणार असाल तर किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल. प्रॉडक्ट की विकत घेण्याची गरज नाही. लॅपटॉपसोबत आलेले लायसन्स मदरबोर्डशी जोडलेले असते, ड्राइव्ह बदलल्याने ते जात नाही. "माझ्याकडे की नाही" हा पर्याय निवडा. आवृत्ती तीच हवी: आपल्याकडचे बहुतेक लॅपटॉप होम सिंगल लँग्वेजचे असतात, तिथे प्रो टाकले तर 'अ‍ॅक्टिव्हेट करा'ची पाटी कायमची कोपऱ्यात.

इथेच अनेकांना दिसते की इन्स्टॉलरच्या यादीत एकही डिस्क नाही. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांत हे हमखास. ड्राइव्ह चांगला असतो. बायोसमधल्या व्हीएमडी या सोयीमुळे तो इंटेलच्या ड्रायव्हरशिवाय दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा, 'लोड ड्रायव्हर' दाबा. व्हीएमडी सरळ बंद करूनही काम होते, पण ते कोरे टाकतानाच. चालू विंडोजवर ती बंद केलीत तर पुढच्या वेळी निळा पडदा.

साइन-इन : गुण कापले ते इथे

पहिल्या सुरुवातीला विंडोज ११ इंटरनेट मागते आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टचे खाते. होममध्ये ही सक्ती पहिल्यापासून होती, २२एच२ पासून प्रोलाही लागू झाली. पहिला अडथळा हास्यास्पद आहे: वायफायचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसतो, तो उतरवायला नेट हवे, आणि नेटशिवाय पान पुढे सरकत नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. गावाकडे वायफाय राउटर वरच्या माळ्यावर आणि लॅपटॉप खाली असला तरी हाच उपाय.

खात्याशिवाय, म्हणजे लोकल खात्याने आत शिरण्याच्या वाटा मायक्रोसॉफ्ट एकेक करून बुजवत आहे. शिफ्ट आणि एफ१० दाबून 'बायपासएनआरओ' लिहिण्याची प्रसिद्ध युक्ती मार्च २०२५ पासून चाचणी आवृत्त्यांतून काढली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची धाकटी भावंडेही. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ पाहून तासभर घालवण्यापेक्षा दोन खात्रीच्या वाटा धरा. प्रो असेल तर 'वर्क ऑर स्कूल' निवडून साइन-इनच्या पर्यायांत 'डोमेन जॉइन इन्स्टेड'. होम असेल तर पेनड्राइव्ह रुफसने बनवा आणि खात्याची अट काढण्याची खूण करा.

लोकल घ्यावे का? देवस्थान समितीचा संगणक, दुकानातले बिलाचे मशीन, शाळेच्या ऑफिसातला सामायिक पीसी, जिथे माणसे बदलतात तिथे लोकलच बरे. स्वतःच्या लॅपटॉपवर, जो बसमध्ये, फेरीबोटीत सोबत फिरतो, तिथे मायक्रोसॉफ्टचे खाते आणि एन्क्रिप्शन दोन्ही असावे. हरवला तर बँकेचे कागद दुसऱ्याच्या हाती लागत नाहीत. फक्त किल्ली आपल्या हातात हवी.

ही किल्ली म्हणजे ४८ आकड्यांची रिकव्हरी की. २४एच२ पासून कोऱ्या विंडोजवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की एन्क्रिप्शन आपोआप चालू होते, होम आवृत्तीतही, आणि किल्ली त्या खात्यावर जमा होते. पडद्यावर ठळक सूचना येत नाही. आमचा सर्वांत मोठा आक्षेप हाच. कुलूप लावायला हरकत नाही, पण लावताना मालकाला सांगायची रीत असते. लोकल खाते असेल तर डिस्क गुंडाळलेली असते पण कुलूप उघडे. नंतर कधी स्टोअरसाठी म्हणून मायक्रोसॉफ्ट खाते विंडोजलाच जोडले की ते गुपचूप लागते.

किल्ली मागितली जाते तेव्हा पडदा निळा असतो आणि माणूस पांढरा पडतो. कारणे ठरलेली आहेत: बायोसचे अपडेट, टीपीएम साफ करणे, सिक्युअर बूट बदलणे, मदरबोर्ड बदलणे, ड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपात घालणे. गोव्यात आणखी एक कारण पाहावे लागते, डेस्कटॉप पीसीच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही बटणसेल. ती संपली की पावसात दर वेळी लाईट गेल्यावर बायोस मूळ स्थितीत जातो. मूळ स्थितीत एफटीपीएम बंद असेल तर सकाळी दुकान उघडल्यावर समोर किल्लीची मागणी. त्याच सेलमुळे तारीख कित्येक वर्षे मागे गेली तर नेट चालू असूनही खाते साइन-इन होत नाही, कारण सुरक्षेची प्रमाणपत्रे चुकीच्या तारखेला अवैध ठरतात. सेल किरकोळ पैशांत मिळते. आधी ती बदला, मग बाकीचे निदान.

किल्ली शोधायची ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर, 'डिव्हाइसेस'मध्ये. निळ्या पडद्यावरच त्याचा छोटा पत्ता दिलेला असतो. तिथे एकापेक्षा जास्त किल्ल्या असतील तर पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरे जुळवा. किल्ली सापडलीच नाही तर डेटा गेला. मायक्रोसॉफ्टचा मदत विभागही ती बनवून देऊ शकत नाही. म्हणून साइन-इन झाल्याच्या पहिल्या दिवशीच किल्ली छापून घराच्या कागदपत्रांत ठेवा. त्याच लॅपटॉपवर टेक्स्ट फाइल करून ठेवू नका. असे करणारे कमी नाहीत.

आता कोणाच्या खात्यावर, हा प्रश्न. दुकानात घाई असते. ग्राहक समोर नसतो, पान पुढे जात नाही, मग कामगार स्वतःचे किंवा दुकानाचे खाते टाकून विंडोज उघडतो आणि नंतर तुमचे दुसरे खाते बनवून देतो. तो चांगल्या भावनेने करतो, पण किल्ली त्याच्या खात्यावर जमा झालेली असते. दोन वर्षांनी मशीन किल्ली मागते तेव्हा तो कामगार कुठे असेल देव जाणे. लॅपटॉप ताब्यात घेतानाच सेटिंगमध्ये 'अकाउंट्स', 'अदर युजर्स' उघडून परके खाते आहे का ते पाहा. असेल तर ते काढा, एन्क्रिप्शन बंद करून आपल्या खात्याने पुन्हा चालू करा. किल्ली नवी बनते आणि आपल्या नावावर जमते.

दुसरे गोव्याचेच. घरातला तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) सुट्टीवर येतो, लॅपटॉप घेतो, स्वतःच्या मोबाइल नंबरवर खाते उघडतो आणि बोटीवर परत जातो. सहा महिन्यांनी मागे राहिलेल्या बायकोला किंवा आईला साइन-इन करायचे तर कोड जातो समुद्रात, नेटवर्क नसलेल्या फोनवर. आखातात गेलेल्यांच्या बंद पडलेल्या सिमचेही तेच. खात्याच्या 'सिक्युरिटी' पानावर दुसरा ईमेल आणि घरच्या माणसाचा नंबर आधीच जोडा, आणि २५ अक्षरी रिकव्हरी कोड काढून ठेवा. जुने सगळे संपर्क एकदम बदलायला गेलात तर खाते ३० दिवस वाट पाहायला लावते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर ओळख पटवण्याचा ऑनलाइन फॉर्मही चालत नाही.

पिनबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे: पिन हा खात्याचा पासवर्ड नव्हे. तो त्या एका मशीनच्या टीपीएमशी बांधलेला असतो, दुसऱ्या लॅपटॉपवर चालत नाही, आणि टीपीएम साफ झाला की "काहीतरी घडले, तुमचा पिन उपलब्ध नाही" असा निरोप येतो. अशा वेळी खालच्या कोपऱ्यात वायफाय जोडा आणि 'पिन विसरलो' निवडून खात्याचा पासवर्ड द्या. वर्षभर फक्त पिन टाकल्यामुळे पासवर्ड कोणालाच आठवत नसतो, ही खरी अडचण. सेटिंगमध्ये साइन-इन पर्यायांत 'फक्त विंडोज हॅलो' (पिन, चेहरा किंवा बोटाचा ठसा) ही खूण काढून ठेवली तर लॉक पडद्यावर पासवर्डचीही सोय राहते. जाणत्यांनी ती काढावीच.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. पासवर्ड बरोबर असूनही चूक दाखवत असेल तर लॉक पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा पाहा. तो मराठीवर असेल तर विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर आणा. ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरे उमटत असतात आणि दिसत नाहीत. पाच मिनिटांत पासवर्ड बदलून टाकणाऱ्यांनी आधी हे करावे.

वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीविषयी थोडक्यात: खाते जोडले की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बहुधा न विचारता तिकडे सरकतात, मोफत जागा ५ जीबी, ती भरली की लाल खूण आणि रोजची कटकट. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'बॅकअप' बंद करताना फाइली संगणकावर परत आणण्याचा पर्याय निवडा. शिवाय युजर फोल्डरचे नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून पडते आणि नंतर सहज बदलत नाही. जुने हिशेबी सॉफ्टवेअर ठरलेल्या वाटेवर फाइल शोधत असेल तर ते इथेच अडते.

बसवताना आणि नंतर

लॅपटॉप उघडल्यावर पहिले काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचे. एम डॉट २ पट्टी तिरकी आत घालून मग खाली दाबायची, उभी ठोकायची नाही. तिचा स्क्रू बारीक असतो आणि नव्या ड्राइव्हसोबत क्वचितच येतो, जुन्या बोर्डावरचा जपून ठेवा. समुद्राकाठच्या घरांत सोनेरी टोकांवर हलका थर बसतो. खोडरबर न घासता आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापूस वापरा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. साध्या एसएसडीत वीज गेल्यावर तग धरणारे कपॅसिटर नसतात, आणि मोठी कॉपी चालू असताना वीज गेली तर कधी एखादी फाइल, कधी अख्खे विंडोज बिघडते.

डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली एकत्र लावणे) करू नका. विंडोजचे 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' एसएसडी ओळखून ट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाल्याची सूचना) पाठवते, आठवड्याचे वेळापत्रक चालू आहे एवढे पाहा.

गुण द्यायचे तर: ८७० एव्हो १० पैकी ९, एनव्ही३ ८, बीएक्स५०० ७ पण फक्त वॉरंटीचे बिल हाती असेल तर. विंडोज ११ चे काम ८, साइन-इन ४.

काढलेली जुनी हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका, पुसली तरीही. तिची तपासणी स्वच्छ आली असेल तर यूएसबी डबीत घालून फोटोंचा बॅकअप तिच्यावर ठेवा. एसएसडी त्या कामाला कच्ची: तिच्यातला विद्युतभार वीज न मिळाल्यास हळूहळू गळतो, आणि झिजून आयुष्य संपत आलेल्या साध्या एसएसडीसाठी उद्योगाचे मानक ३० अंश तापमानात एक वर्षाचीच अपेक्षा धरते. गोव्यातल्या मे महिन्यात बंद कपाटात ३० अंश ही थंडीच म्हणायची.